शांतवनभाऊची शिंदी

आमच्या मिशन कंपाउंडात भांडकुदळ माणसं दोनच. एक शांतवनभाऊ वाकोडे आन् दुसरी मी, फिलोमिना. फादर म्हणतात, "तुम्हा दोघांमुळे माझ्या प्रार्थनेला विषय कमी पडत नाही." फादर केरळचे. मराठी पुस्तकातून शिकले, म्हून आमच्याहून शुद्ध बोलतात. टोमणा बी शुद्धच मारतात.

शांतवनभाऊ एसटीचा रिटायर ड्रायवर. अकोला-तेल्हारा गाडी चालवे. गाडी सुटली, पण माणूस अजून स्टिअरिंगवरून उतरला नाई. मिस्सेले, म्हणजे चर्चातल्या उपासनेले, कोणी उशिरा आलं का मनगटावरचं घड्याळ दाखवते. मांगच्या बाकावर बायका कुजबुजल्या का मान न वळवता डोळे वर करते, जसा काई समोर आरसाच हाय. माह्यासाठी तं दर रविवारी करते. आता मी गप बसावं तं कोणत्या रविवारी बसावं, तुमीच सांगा.

त्याचा मान वर्षातून एकच. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. प्रभू गाढवावर बसून यरुशलेमात आला तवा लोकाईनं खजुरीच्या झावळ्या हालवल्या, म्हून आमी बी हालवतो. पण वऱ्हाडात खजूर कुठून आणता? आमची आपली शिंदी, खजुरीचीच रानबहीण. चर्चाच्या मांगं नाला हाय, त्याच्या काठानं शिंदीच शिंदी होती. शनिवारी शांतवनभाऊ कोयता घेऊन जाये आन् भारा बांधून आणे. रविवारी कडक इस्तरीचा पांढरा शर्ट, हातात सगळ्यात लांब झावळी, आन् मिरवणुकीच्या म्होरं तो. तोंडानं "होसान्ना", आन् दुसऱ्या हातानं मांगच्याईले इशारा: "हळू... येऊ द्या, येऊ द्या."

मिस्सा झाली का झावळी घरी न्याची आन् येशूच्या फोटोमांगं खोसाची. वर्षभर ते तठी वाळते. दुसऱ्या साली राखेच्या बुधवाराआधी, म्हणजे ईस्टरच्या दीडेक महिना आधी, सगळ्याईनं आपआपली झावळी चर्चात परत द्याची. ते जाळून राख करतात आन् फादर ते राख आपल्या कपाळाले लावतात, माणूस मातीचा हाय हे ध्यानात राहावं म्हून. एवढं तुमी नीट ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाई, तिथीच तं घोटाळा झाला.

मांगच्या साली झावळ्यांच्या रविवारासाठी कमिटीची बैठक होती. शांतवनभाऊ उभा राह्यला.

"यंदा मी झावळ्या तोडत नाई."

"काहून? कंबर धरली का?" मी विचारलं.

"कंबर चांगली हाय. शिंदी सरली. एकच राह्यली."

सारे एकमेकाकडं पाहू लागले. नाला तं आमी रोज पाह्यतो, पण असं पाह्यलं कोणी? काई शिंद्या नाला खोल करतानी जेसीबीनं नेल्या. बाकीच्या आमी नेल्या, "होसान्ना" म्हणत म्हणत.

प्रीतमगुरुजी आमचे बायबलचे शास्त्री. ते म्हणाले, "भाऊ, देवानं माणसाले साऱ्या पृथ्वीवर सत्ता देल्ली हाय. पहिल्याच पानावर लिवलं हाय."

"सत्ता देल्ली, सातबारा नाई देल्ला," शांतवनभाऊ म्हणला. "पान उलटून पाहा. आदामाले बागेत ठेवलं ते राखाले. आन् मी राखणदार काय झालो, चोरच निंघालो. इतकी वर्षं माह्याच कोयत्यानं तोडलं. आता एक उरली तं तिले मी तोडत नाई, आन् कोणाले तोडू बी देत नाई."

चतुराबाईनं पदर सावरला. "कायले एवढी चिंता करता? हे जग तं शेवटी जळणारच हाय. प्रभू आपल्याले नवी पृथ्वी देणार हाय ना!"

"चतुराबाई, भाड्याची खोली सोडतानी तू झाडून-सारवून देतं, का दारं-खिडक्या जाळून जातं?"

चतुराबाईनं पदर पुन्हा सावरला. मले आतून हसू आलं, पण दाखवता थोडीच येते? मी तं अध्यक्ष होती. फादरनं त्याच साली 'सृष्टी-संगोपन समिती' काढली होती. अध्यक्ष कोण, तं फिलोमिनाबाई. पात्रता? त्या दिवशी मी हिरवी साडी घालून गेलती.

आन् अध्यक्ष म्हणल्यावर डोकं लावाच लागते. मी उभी राह्यली. "झाड बी वाचलं पाहिजे आन् झावळी बी पाहिजे. मंग प्लास्टिकच्या मांगवू! एकदा घेतल्या का वर्षानुवर्षं कामी पडतात. वाळत नाई, कचरा नाई." बैठकीनं टाळ्या वाजवल्या. माह्यासाठी टाळ्या वाजल्या का मले पुढचं काई दिसत नाई, हे माह्या सासूनं बी सांगून ठेवलं होतं.

मोबाइलवरून मांगवल्या. पर्यावरण वाचवाचं सामान थर्माकोलात बसून, पन्नीत पन्नी गुंडाळून आलं.

रविवारी सारं चर्च चकाचक हिरवंगार. वास मात्र नव्या चपलेच्या दुकानाचा. शांतवनभाऊ आला, पण फाटकापाशीच उभा राह्यला. शर्टाले इस्तरी नाई, हात रिकामे. म्होरं कोणी नाई म्हून मिरवणूक अशी निंघाली का पोट्टे पुढं पळाले, म्हाताऱ्या मांगं राह्यल्या, आन् मधात फादर एकटेच गाऊन राह्यले.

मी वरडली, "शांतवनभाऊ, घ्या ना एखादी! धुता बी येते!"

"फिलूबाई, मंग गाढव बी प्लास्टिकचं मांगवाचं होतं!"

"गाढव कायले मांगवाचं? अध्यक्ष हाय ना," बायकाईतून आवाज आला. कोणाचा ते मले मालूम हाय. मांगच्या बाकावर मीच तिले जागा धरून ठेवतो.

तवापासून शांतवनभाऊनं कोणत्याच मिरवणुकीत पाय टाकला नाई. संध्याकाळी आंगणात बाज टाकून नाल्याकडं तोंड करून बसे, शिंदीची राखण करत. मान गेला होता बिचाऱ्याचा. मी आपली मनात म्हणो, रुसला हाय, येईन. बस चुकवणारा ड्रायवर थोडीच हाय.

वर्ष फिरलं. राखेच्या बुधवाराच्या आदल्या दिवशी झावळ्या जमा झाल्या. आमची लोकं इमानदार. कोणी साबणानं धुऊन आणल्या, कोणी पुसून. फादर अमरावतीले गेलते. घमेलं मांडलं, झावळ्या रचल्या आन् अध्यक्षाच्या हातानं काडी लावली.

माय माय माय! काळा धूर असा उठला का कंपाउंडातले कुत्रे बी पळाले. घमेल्यात राख काई होईना, नुसता पाक. काडीनं हालवलं तं काडीले तार धरून वर आला, जसा लाडूचा. मी अजून हालवूनच राह्यली, का आता होईन, मंग होईन. तेवढ्यात फादर आले, नाकाले रुमाल लावून.

"फिलोमिनाबाई, हे काय शिजते आहे?"

"राख, फादर."

त्याईनं वाकून पाह्यलं. "हे कपाळाला लावले तर पुढच्या राखेच्या बुधवारापर्यंत निघणार नाही."

सकाळी मिस्सा. साऱ्या चर्चाले राख पाहिजे, आन् खरी झावळी कोणाच्याच घरी नाई. नाई म्हणजे, एक होती. शांतवनभाऊच्या घरी. त्याच्या बायकोनं, मार्थावहिनीनं, तिच्या शेवटच्या झावळ्यांच्या रविवारी झावळीच्या पात्याईचा हातानं विणून क्रूस केला होता. पावसाळ्यात वहिनी गेली. दुसऱ्या साली परत द्याच्या वेळी शांतवनभाऊनं ते झावळी देल्ली नाई, आन् कोणी मांगली बी नाई.

मी गेली. तोंड काळं, हिरवी साडी काळी.

"काय अध्यक्षीणबाई," बाजेवरून तो म्हणला, "डांबरी रस्ता करून आल्या का?"

मी सारं सांगितलं. हसला तो, लय हसला, डोळ्याले पाणी येईतो. मंग मी कायले आली ते त्याच्या ध्यानात आलं आन् हसू थांबलं. त्यानं घरात फोटोकडं पाह्यलं.

"हे मार्थाच्या हातची वीण हाय."

 मी उठली. "राहू द्या, भाऊ. फादरले म्हणतो, यंदा नुसता अंगठा टेकवा. राख नाई भेटली तं नाई भेटली."

"बस खाली. देतो. पण यंदाची मिरवणूक शिंदीपाशी जाईन. झावळी चर्चात येणार नाई, चर्च तिच्याकडं जाईन."

"आन् हातात काय धराचं?"

"काई नाई. रिकामेच हात हालवाचे. देवाले दिसते."

"आन् म्होरं कोण?"

त्यानं नुसतं मनगटावरचं घड्याळ नीट केलं. ड्रायवर आपल्या तोंडानं मांगत नसते.

"म्होरं तुमीच, भाऊ. फादरचं मी पाह्यतो."

त्यानं फोटोमांगून झावळी काढली. विणलेला क्रूस मुठीत धरला आन् खालची लांब वाळकी दांडी मोडून माह्या हातात देल्ली. क्रूस परत फोटोमांगं खोसला. मोडतानी आवाज झाला, आन् आमी दोघंबी दुसरीकडं पाहून राह्यलो.

राख झाली वाटीभर बी नाई. फादरनं सकाळी चिमटीनं पुरवली, साऱ्या चर्चाले. माह्या कपाळावर तेवढी जरा जास्तच घासली. "तू माती आहेस," म्हणाले. मी मनात म्हणलं, फादर, माती तं माती, प्लास्टिक तं नाई ना! जळल्या नाई त्या झावळ्याईचं पोतं अजून माह्या पलंगाखाली हाय. भंगारवाला बी घेत नाई. मी माती होईन, पोतं तसंच राहीन.

मंग यंदाचा झावळ्यांचा रविवार आला. इस्तरीचा शर्ट म्होरं, हात रिकामे. चर्चातून निंघून मिरवणूक नाल्याच्या वाटेनं. माही साडी बाभळीच्या काट्यात अडकली, मी मांगं राह्यली, तं म्होरून आवाज आला, "थांबा! अध्यक्षाची शीट खाली हाय!" सारं चर्च उन्हात थांबलं, माह्या एकटीसाठी.

शिंदीखाली पोहोचलो. शांतवनभाऊनं हात वर केला, तसे सगळ्याईनं वर केले. म्हाताऱ्याईचे सुरकुतलेले, पोट्ट्याईचे मळके, फादरचे, माहे. हवा आली आन् झाड सळसळलं. 

शांतवनभाऊनं वर पाह्यलं, घड्याळ पाह्यलं, आन् मांगं वळून म्हणला, "चला, उतरा. तेल्हारा आलं."