चमच्यावर कोरलेली कुसुम

स्प्रिंग ब्रेक झोपून काढायचा, हे माझं पक्कं ठरलं होतं. पण त्यांच्या ईडन प्रेरी गावाहून काका-काकू मला भेटायला माझ्या युनिव्हर्सिटीच्या गावी, स्टेट कॉलेजला, आले आणि काकांनी जाहीर केलं, "व्हर्जिनियाला जाऊ. अमेरिकेची खरी हिस्टरी बघू!" काका रिटायर्ड सर्जन आहेत, त्यामुळे ते बोलले की बाकीच्यांनी भूल दिलेल्या पेशंटसारखं निमूट पडून राहायचं असतं.

जाणार असाल तर पहाटे निघा. वॉशिंग्टनजवळ ट्रॅफिक तुंबतो. आम्ही तुंबलो, काका बोलत राहिले, काकू आणि मी तिखटमिठाच्या पुऱ्या खात राहिलो.

आम्ही पोचलो ते व्हर्जिनियातलं गाव इंग्रजांच्या काळातलं, जसंच्या तसं राखलेलं: विटांची घरं, घोडागाड्या, विग लावून स्वातंत्र्यावर बोलणारे पगारी पुढारी. तिकीट महाग आहे, पण रस्त्यांवर फिरणं फुकट. जेवायला शेंगदाण्याचं सूप घेतलं. दाण्याच्या आमटीत मिरची टाकायला विसरलं की ते तयार होतं.

मग चांदीकामाचं दुकान. टोपी घातलेली एक कारागीर बाई चमचा ठोकत होती. तेव्हा इथे बँका नव्हत्या, तिने सांगितलं. श्रीमंत लोक चांदीची नाणी आणून द्यायचे आणि किटली घडवून न्यायचे. वर नाव कोरलेलं, म्हणजे चोरीला गेली तर ओळखता येईल.

"स्मार्ट!" काका म्हणाले. "सेव्हिंगही झालं, पाहुण्यांपुढे शोही झाला."

"काही दुकानांत गुलामही राबायचे," बाई म्हणाली. "शिक्का मात्र मालकाचा."

"ब्रँड ओनरचाच असतो यार," काका मला म्हणाले.

"हो ना," काकू म्हणाली. "माझ्या बाबांनी दिलेल्या चांदीच्या ताटांवरसुद्धा तुमचंच नाव आहे."

काका हसले. एकटेच.

काकूने एक चमचा विकत घेतला. काय कोरायचं, बाईने विचारलं. काका 'डॉक्टर अँड मिसेस' म्हणेपर्यंत काकूने स्पेलिंग सांगून टाकलं: कुसुम.

"कुसुम कोण?" मी विचारलं.

"मीच. लग्नात यांनी तांदळात शुभांगी लिहिलं, तेव्हापासून शुभांगी."

"अगं, पासपोर्टवर नाहीये ते नाव!" काका म्हणाले.

"चमच्याला कुठे इमिग्रेशन करायचंय?"

परतीच्या वाटेवर काकांनी हिस्टरीचा विषय काढला नाही. त्या शांततेसाठी तरी ही ट्रिप मी जरूर सुचवेन.

घरी आल्यावर माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की आजवर काकूचं माहेरचं नाव विचारावंसं मलाही वाटलं नव्हतं. परवा फोन केला. म्हटलं, "कुसुमकाकू, चमचा शोकेसमध्ये ठेवलास का?"

"छे गं. रोज काकांच्या चहाच्या कपात घालून देते. ढवळताना वाचतात."