लांबी तीच, जागा कमी

ती घटना आजही अशी आठवते की कुकर लावताना माझा हात थांबतो. निवृत्तीनंतर घरातला वरणभात माझ्याकडे आला आहे. बायको म्हणते, "अहो, पोलिसात होतात आणि कुकरला घाबरता?" मी घाबरत नाही. मला फक्त आतली जागा दिसते.

लंडनच्या एका स्टेशनात मी डिटेक्टिव्ह होतो. एका शनिवारी नेमबाजीच्या क्लबात रायफल फुटली आणि पिनरला राहणारा एक मराठी गृहस्थ जखमी झाला. पितळेचा कपचा त्याच्या उजव्या डोळ्यात गेला होता. स्टेशनात मराठी येणारा मी एकटा, त्यामुळे फाइल कुणाच्या टेबलावर येणार हे ठरलेलंच होतं.

या देशात घरी पिस्तूल ठेवता येत नाही. पण पिस्तुलाचं काडतूस चालवणारी रायफल परवान्यावर मिळते, आणि हौशी लोक ती काडतुसं घरीच भरतात. पितळी कवचात दारू मोजून घालायची आणि वरून हातप्रेसने गोळी दाबून बसवायची. किती दाबायची, यावर सगळं असतं. काडतुसाची तळापासून टोकापर्यंतची लांबी ठरवून घ्यावी लागते. जास्त झाली तर ते बंदुकीत अडकतं. कमी झाली तर गोळी खोल जाते, दारूवरची जागा घटते आणि दाब चढतो. मला तेव्हा यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी जखमीच्या बायकोचा फोन आला.

"तुम्ही मराठी आहात म्हणून डायरेक्ट सांगते. हा ॲक्सिडेंट नाहीये. ह्यांची काडतुसं त्यांच्या फ्रेंडच्या शेडमध्ये बनतात, त्याच्या प्रेसवर. मराठी मंडळाच्या इलेक्शनमध्ये हे जिंकले, तो हरला. तेव्हापासून बोलणं बंद आहे. त्यानेच काहीतरी केलंय."

मंडळाच्या खुर्चीपायी माणसं एकमेकांच्या घरचा चहा सोडतात, हे मला पोलिसात येण्याआधीपासून ठाऊक होतं. म्हणजे कारण होतं आणि संधीही होती. वॉरंट काढून आम्ही वेम्बलीला त्या मित्राच्या घरी गेलो. प्रेस, दारूचे डबे, काडतुसं, त्याच्या रायफली, सगळं पिशव्यांत घालून सील केलं आणि त्याला ताब्यात घेतलं. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. पिशव्या बाहेर नेताना तिने आमच्यासाठी दार धरून ठेवलं. आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा अशा माणसांपुढे काम करणं जास्त जड जातं.

चौकशीच्या खोलीत तो वकिलाशेजारी ताठ बसला होता. नागपूरकडचा, सॉफ्टवेअरवाला, पन्नाशीतला माणूस. रेकॉर्डिंग इंग्रजीत चाललं होतं, पण मंडळाचा विषय निघाला तसा तो मराठीवर घसरला.

"साहेब, दारू त्याची तो मोजतो. लांबी मात्र प्रेसवर मी सेट करून दिली होती, हे मान्य. त्याला सांगितलं होतं, ह्या सेटिंगला हात लावायचा नाही."

"तुम्ही दोघं बोलत नव्हता."

"नव्हतो. पण शेडची चावी त्याच्याकडेच होती. परत मागितली नाही मी."

मी त्याला इंग्रजीत बोलायची आठवण करून दिली आणि पुढचा प्रश्न विचारला. चावीचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. ज्याचा जीव घ्यायचा आहे त्याच्याकडे कुणी आपल्या शेडची चावी राहू देत नाही.

जखमीच्या डब्यातली उरलेली काडतुसं प्रयोगशाळेने तपासली. दोन उघडून तोलली, तर दारूचं वजन बरोबर, गोळीचं वजन बरोबर. लांबी तर प्रत्येकाची इतकी अचूक की केसभराचा फरक नाही. हे ऐकून मित्र सुटेल असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. माझे वरिष्ठ म्हणाले, बाकी सगळी बरोबर असतील तर फुटलेलं काडतूस मुद्दाम वेगळं बनवलं होतं. मित्रासमोर आता तुरुंग उभा होता.

मला ते पटेना. मी स्वतः प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तज्ज्ञ बाई स्कॉटलंडच्या होत्या आणि बोलायला अगदी कंजूष. त्यांना म्हटलं, मित्राच्या डब्यातलं एक काडतूस आणि जखमीच्या डब्यातलं एक शेजारी ठेवून दाखवा. त्यांनी ठेवली. दोन्ही सारखीच उंच, सारखीच तांबूस. मला ओळखता येईनात. मग त्यांनी दोन्हींतल्या गोळ्या उपसून काढल्या आणि टेबलावर उभ्या केल्या.

एक गोळी दुसरीपेक्षा उघड उघड उंच होती.

दोन्हींचं वजन तेच होतं. पण मित्राची गोळी आतून शिशाची, वर नुसता तांब्याचा पातळ थर. जखमीची सबंध तांब्याची. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते. बाईंनी ती लांब गोळी कवचाला बाहेरून टेकवून धरली, टोक पूर्वीच्याच उंचीवर ठेवलं आणि गोळीचा तळ कुठवर येतो ते नखाने दाखवलं. दारूसाठी ठेवलेली जागा गोळीनेच खाल्ली होती. मग त्यांनी जखमीची बाकीची सगळी काडतुसं उघडली. सगळ्यांत तीच गोळी निघाली. प्रत्येक बाराला दाब जास्तच होत होता. रायफलने काही बार सोसले, मग एक सोसला नाही.

मी थक्क होऊन त्या नखाकडे बघत राहिलो. मधे ना द्वेष होता ना कट. तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा नसलेली ती पोकळी पोलाद शाबूत ठेवत होती, आणि ती आक्रसली तर पोलाद फाडत होती. बाहेरून मोजणाऱ्याला ती कधीच दिसली नसती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ भयंकर गोष्टी पाहिल्या, पण असा काटा कधी आला नव्हता.

मी थेट हॉस्पिटलात गेलो. जखमीच्या डोळ्यावर पट्टी होती. गोळ्या बदलल्या होत्या का, असं विचारलं.

"दुकानात नेहमीची नव्हती. शिशाच्या गोळ्या बंद होणार म्हणतात, म्हणून तांब्याची घेतली. वेट सेम होतं. आणि लांबी मी बदललीच नाही, साहेब. एकेक काडतूस मोजलंय." तो अभिमानाने म्हणाला. "त्यानेच शिकवलं होतं, लांबी बदलायची नाही."

लांब गोळीने आतली जागा कशी खाल्ली ते मी त्याला सांगितलं. तो उशीवरून उठून बसला. मग म्हणाला, "त्याला अरेस्ट केलंय?"

मित्र सुटला. ज्याला आम्ही कट समजत होतो तो शब्द पाळण्याचा प्रकार होता. भांडण झालेलं असतानाही एकाने चावी परत मागितली नाही आणि दुसऱ्याने मित्राचा आकडा देवासारखा सांभाळला. त्या दिवसापासून सगळं जुळणारा जबाब समोर आला की मी आत काय बदललंय ते आधी बघायचो.

डोळा वाचला नाही. जखमी घरी आल्यावर मित्र त्याला भेटायला गेला. त्याने मलाही बोलावलं होतं, बहुधा दार उघडेल याची त्याला खात्री नव्हती. फोन करून तक्रार करणाऱ्या वहिनींनीच दार उघडलं, मान खाली घातली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मित्राने खिशातून दोन गोळ्या काढून टीपॉयवर उभ्या केल्या.

"मी तुला लांबी सांगितली," तो म्हणाला. "ती कुठल्या गोळीची, ते नाही सांगितलं."

एका डोळ्याने जखमीला अंदाज येईना. त्याने बोट पुढे केलं, ते हवेत चुकलं. मित्राने आपल्या उजव्या हाताने त्याचा उजवा हात धरून गोळ्यांवर नेला. बोट एकीच्या टोकावरून दुसरीकडे गेलं आणि उंचीच्या फरकाला अडलं.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच."

मग त्याने हात काढून घेतला नाही, आणि मित्रानेही सोडला नाही. चहा आला तेव्हा वहिनींनी दोघांचे कप डाव्या हातांजवळ ठेवले.