विनयाची दगडखाऊ पोरं

सकाळी प्रयोगशाळेत आली की विनया आधी पर्सही ठेवायची नाही. काचेच्या चंबूंसमोर उभी राहायची आणि एकेकाच्या पोटाला पालथा हात लावून बघायची, आई पोराचा ताप बघते तशी. मग म्हणायची, "बरी आहेत." कुणी विचारलेलं नसायचं. चंबूंत असायचं गंजाच्या रंगाचं आंबट पाणी आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. विनयाच्या भाषेत, "माझी पोरं".

आमची प्रयोगशाळा कामणला, गोदामांच्या मधोमध. खाणवाले दगडाचे नमुने पाठवायचे आणि त्यातून धातू कसा काढायचा ते आम्ही करून दाखवायचो. मी तिथली जुनी केमिस्ट. आम्ल घालून दगडातून तांबं सोडवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. एकदा एका खाणीचा अगदी हलका दगड आला. त्यात तांबं इतकं कमी की भट्टी लावणं परवडेना, म्हणून खाणवाल्यांनी त्याचे डोंगर रचून सोडून दिले होते. साहेबांनी जाहीर केलं, की ज्याची पद्धत चालेल तो खाणीवर जाऊन सगळं काम उभं करील, प्रमुख म्हणून. ती जागा मला हवी होती. किती हवी होती, हे मी घरीसुद्धा बोलले नव्हते. आणि नेमकी तेव्हाच मायक्रोबायॉलॉजी शिकलेली ही उमेळे गावची पोरगी माझ्या टेबलाला टेबल लावून बसली.

दोन उंच पाइप उभे केले आणि दोन्हींत तोच दगड भरला. मी माझा रव्यासारखा बारीक करून घेतला आणि वरून आम्ल सोडलं. विनयाने तिचा खडीसारखा जाडाभरडा ठेवला आणि त्यावर आपल्या पोरांचं पाणी ठिबकत ठेवलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या बादलीतलं पाणी निळं झालं, म्हणजे तांबं उतरलं. तिच्या बादलीत नुसता गढूळ गंज. त्या दिवशी मी तिने घरच्या केळीच्या वाडीतून आणलेली दोन राजेळी केळी खुशीत खाल्ली.

ती मात्र हसत होती. "माधवीताई, तुमच्या आम्लाने वरवरचं तांबं आणलं. आतलं गंधकाने धरून ठेवलंय. ते सोडवायला दगड खावा लागतो."

"तुझी पोरं तांबं खातात?"

"छे हो! ती लोखंड खातात, गंधक खातात. तांबं त्यांना नकोच असतं, ते आपसूक सुटतं."

मधूनच एखादा दिवस ती पाणी बंदच करायची आणि जाहीर करायची, "आज पोरांना सुट्टी." मला तो चक्क आळस वाटला. मी साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी तिला विचारलं तर म्हणाली, "आमच्या वाडीत केळीला सारखं पाणी सोडलं तर आई काठी घेऊन धावते, सर. मुळांना श्वास नको का घ्यायला? ह्यांचंही तसंच आहे."

मग माझं पाणी फिकं पडायला लागलं. बारीक केलेल्या दगडाचा चिखल झाला, आम्ल वरच तुंबून राहिलं. तिच्या खडीतून मात्र हवा खेळत होती, आणि तिचं तांबं दर तपासणीला थोडं थोडं वर चढत होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं, दुसरं काय? तिच्या त्या गढूळ बादलीकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना.

शेवटी मी तिच्याकडून थोडं पाणी मागून घेतलं. म्हटलं, ही वाढवते तर मीही वाढवीन. तीच कृती, तेच क्षार. पण माझा चंबू आपला फिकट हिरवाच, गंजाचा रंग काही चढेना. विनयाने तो उचलला आणि कपाळाला हात लावला. "ताई, बूच किती घट्ट लावलंय! हवा कुठून मिळणार त्यांना?" आम्ही केमिस्ट लोक, दिसेल ती बाटली बंद करतो. तिने बूच काढून कापसाचा बोळा लावला. थोड्या दिवसांत चंबू लालसर झाला आणि मी आणखीच चिडले. माझ्या चंबूतसुद्धा ती पोरं तिचंच ऐकत होती!

निकालाच्या दिवशी साहेबांनी विनयाचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. विनया उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाही जाणार सर. माधवीताईंना पाठवा. त्यांना आता जमतं."

मला आनंदाने उडी मारायला हवी होती. अंगाचा तिळपापड झाला. ज्या जागेसाठी मी इतके महिने जळत होते, ती हिने ताटातली नको असलेली पोळी बाजूला सारावी तशी सारली होती. बाहेर आल्यावर मी तिला गाठलंच. "तुला काहीच वाटलं नाही?"

"वाडीत मी आणि आई, दोघीच, ताई. चारी बाजूंनी बिल्डिंगी उठल्यात. मी गेले की आमच्या केळींवर पण उठेल." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला पोरं जगलेली बघायची होती. बघितली की."

निघायच्या दिवशी ती माझ्या सोसायटीच्या फाटकात आली. चंबू केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटांत गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात बसवले होते, वाटेत ऊन लागू नये म्हणून. गाडीत खोकं ठेवताना तिचे डोळे भरून आले. इतके महिने शेजारी बसलो होतो, शेवटी माया लागतेच, असं मनात म्हणत मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले. पण तिचे दोन्ही हात खोक्यावर होते. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "नीट जा रे. ताईंना त्रास देऊ नका."

गाडी हायवेला लागली. जागा माझी होती, काम माझं होतं, पाटीवर नावही माझंच लागणार होतं. ते खोकं मांडीवर घट्ट धरून मी बसले होते आणि मला हेवा वाटत होता तो त्या जंतूंचा.