साहेबाला न सांगितलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण — कारण काय, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी ठाण्याच्या शाळेत मास्तर. घर डोंबिवलीला. तेव्हा आगगाडी आमच्या गावावरून नुसती धावत जायची, थांबायची नाही. म्हणून आठवडाभर मी नौपाड्यात मामांकडे राहायचो आणि रविवारी कल्याणला उतरून चालत घरी यायचो. धाकटी मुलगी मला पाहून आईच्या मागे लपायची. बाप म्हणून ती मला ओळखायची तरी का?

मग गावाला स्टेशन द्यावं की नाही, याचा वाद सुरू झाला. कुणाला ते हवं होतं, कुणाला जमीन जाण्याची भीती. शेवटी रेल्वेचा एक गोरा साहेब गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला आला. देवळासमोर सभा भरली. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून दुभाषा मीच.

साहेबाने आरंभीच बजावलं होतं, इथे अडचणी असतील तर पलीकडच्या गावाचाही अर्ज आहे. हे मी गावाला मराठीत सांगितलं. अगदी बिनचूक सांगितलं.

शेवटी राघोबा उठला. खाडीकडच्या पाड्यावरचा म्हातारा आगरी, सगळी भातशेती रुळांच्या कडेला. स्टेशनासाठी जिथे मातीचा भराव पडणार होता, तिथूनच त्याच्या पाड्याच्या शेतांतलं पाणी ओहोळाने खाडीत जायचं. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, सायबाला सांगा, ठेसन करा, आमचा काय म्हनना नाय. पन भरावाखाली मोरी ठेवा. नायतं पानी शेतान रवेल, भात कुजेल."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो — इंग्रजीत म्हणालो — की हा म्हातारा म्हणतो, स्टेशन करा, आमची काही हरकत नाही.

एवढंच. पुढचं मी गिळलं.

साहेब राघोबाकडे बघून हसला. राघोबाला वाटलं, मोरीचं कबूल झालं. तोही हसला.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो, की मोरीला इंग्रजी शब्द मला आठवला नाही. तो आठवला नाही, हे खरंच आहे. पण पाण्याला वाट ठेवा, एवढं सांगायला कसला शब्द लागतो? माझ्या वर्गातल्या पोरांनाही ते सांगता आलं असतं. मला सांगायचंच नव्हतं. अडचण निघाली तर स्टेशन पलीकडच्या गावाला जाईल — त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

स्टेशन झालं. मी रोज संध्याकाळी घरी येऊ लागलो. मुलगी माझ्या ताटात जेवू लागली. ते दिवस सुखाचे होते, हेही सांगायला हवं.

भराव सलग पडला. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी शेतांत तुंबलं ते उतरेना. भात कुजलं. त्याच्या पुढच्या वर्षीही कुजलं. पाड्यावरची घरं एकेक करून उठली. राघोबा बाळकुमला मेहुण्याकडे निघाला, मिठागरावर काम करायला. त्या वयात.

जाण्याआधी तो माझ्या ओटीवर आला. बायकोने त्याला ताक दिलं. ते पिऊन तो म्हणाला, "तुमी आमचा सांगलाव, मास्तर. सायबानी आयकला नाय, त्याला तुमी काय करनार?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? स्टेशन आता कुठे जाणार नव्हतं. गमावण्यासारखं माझ्याकडे काय होतं — या म्हाताऱ्याच्या नजरेतला मान, एवढाच. तो राखायला मी मान हलवली. म्हणालो, "हो, साहेबांनी ऐकलं नाही." पहिल्यांदा मी गप्प बसलो होतो. या वेळी उघड खोटं बोललो.

राघोबा बाळकुमलाच वारला. त्याच्या मुलाने मला ते ठाण्याच्या फलाटावर सांगितलं. म्हणाला, बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे, आमच्या बाजूने एक मास्तर तेवढा बोलला म्हणायचे. आणि तो वाकून माझ्या पाया पडला.

मी त्याला अडवलं नाही.