मढवी सरांच्या नावाने गेलेली उत्तरं

मढवी सर गेल्याचं कळलं तेव्हा मी रडत नव्हते.

त्यांच्या मोबाइलवर गेलेला ओटीपी कसा मिळवायचा, या टेन्शनमध्ये होते.

आज वर्ष झालं. हे कोणालाच धड सांगितलेलं नाही. आज सांगून टाकते, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

सर आमच्या शालेय ग्रंथपाल संघटनेचे सेक्रेटरी. आख्खी नोकरी रबाळ्याच्या शाळेत काढली, रिटायर झाल्यावरही संघटना सोडली नाही. मी सानपाड्याच्या शाळेत ग्रंथपाल, आणि संघटनेची सोशल मीडिया इन-चार्ज. नाव मोठं, टीम माझी एकटीची.

दोन वर्षांपूर्वी संघटनेच्या वार्षिक परिषदेला अर्धा हॉल रिकामा होता. स्टेजवरून मी त्या रिकाम्या खुर्च्या मोजल्या होत्या. त्यामुळे गेल्या वर्षी वाशीच्या परिषदेला हॉल भरायचाच, म्हणून मी हट्टालाच पेटले.

पेजवर रोज एक प्रश्न टाकायचा. ‘तुमच्या लायब्ररीतलं सगळ्यात फाटकं पुस्तक कोणतं? फोटो टाका!’

आणि लोक सुटलेच की! ज्यांनी कधी मीटिंगला तोंड दाखवलं नाही, ते पण फोटो टाकायला लागले.

सर प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यायचे. एका बोटाने टाइप करत. ‘बाई, बाइंडिंगवाला मिळाला का? नसेल तर माझ्याकडे एक आहे.’ असं.

एकेका उत्तराला दोन-दोन दिवस!

“सर, लोक थांबत नाहीत हो. लगेच रिप्लाय गेला नाही तर पोस्ट पडते, कोणाला दिसतच नाही.”

“पडू दे. मानूस तर पडत नाय ना?”

शेवटी मीच एक ॲप शोधलं. पोस्ट त्यातूनच टाकायच्या, आणि कोणी कमेंट केली की उत्तर आपोआप जाणार. सेक्रेटरी म्हणून रजिस्ट्रेशन सरांच्या मोबाइल नंबरवर.

सरांना ते पटलं नव्हतं. पण माझा चेहरा बघून म्हणाले, “बरं. माझं नाव घाल खाली. लोकांना ओळखीचं वाटंल.”

म्हणून ते उत्तर असं होतं: ‘तुमचा उत्साह बघून फार आनंद झाला! शनिवारी वाशीला नक्की भेटू. आपला, मढवी.’

पुढे फटाक्याचं इमोजी. ते माझं डोकं.

परिषदेच्याच आठवड्यात बुधवारी सकाळी आमच्या अध्यक्ष मॅडमचा हॉस्पिटलमधून फोन आला. सरांना पहाटे छातीत दुखायला लागलं म्हणून नेलं होतं. सर गेले.

“पेजवर टाक गं, सगळ्यांना कळू दे,” म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मी टाकलं. पाच मिनिटांत. फोटोसकट. पाठ झालेलं काम ना, हात आपोआप चालले.

पहिली कमेंट आली, भावपूर्ण श्रद्धांजली.

आणि त्याखाली लगेच:

‘तुमचा उत्साह बघून फार आनंद झाला! शनिवारी वाशीला नक्की भेटू. आपला, मढवी.’

अगं बाई!

दुसरी कमेंट. पुन्हा तेच. तिसरी. चौथी. लोक हात जोडतायत आणि सर सगळ्यांना फटाके पाठवतायत.

घाबरून मी भलतीच बटणं दाबली आणि ॲपमधून बाहेर फेकले गेले. आता पोस्ट काढायची तरी आत जायला हवं, उत्तरं थांबवायची तरी आत जायला हवं. आणि आत जायला ओटीपी.

ओटीपी सरांच्या मोबाइलवर.

सरांच्या मुलाला तीनदा फोन केला, लागेना. इकडे कमेंट वाढतच होत्या. एकाने लिहिलं, ‘हा काय चावटपणा आहे?’

देवा, हे त्यांच्या घरच्यांनी वाचलं तर?

शेवटी थेट सरांचाच नंबर लावला. ज्या घरात माणूस गेलाय, तिथे फोन करून ओटीपी मागायचा! माझ्याइतकं निर्लज्ज कोणी नसेल, असं वाटत होतं.

सरांच्या बायकोने, काकींनी उचलला. घाईत मोबाइल घरीच राहिला होता.

“काकी, मी वर्षा. माफ करा हं... सरांच्या फोनवर सहा आकड्यांचा एक नंबर आलाय का?”

“थांब गो, चष्मा घेते.”

एकेक आकडा नीट वाचून दाखवला. आवाज अगदी शांत. मला वाटलं, केवढ्या धीराची बाई!

मी आत गेले. ‘बंद करा’ वर बोट नेलं.

“पोरी, एक विचारू?” काकी म्हणाल्या. “ह्यांच्या फोनवर लोक काय काय लिवतायत बघ ना. श्रद्धांजली म्हनं. मेल्यांना लाज कशी नाय वाटत?”

माझं बोट बटणावर तसंच राहिलं.

“पन हे सगळ्यांना उत्तर देतायत बघ. शनिवारी भेटू म्हनतायत. खाली नाव पन हाय. हॉस्पिटलातनं कोनाच्या तरी फोनवरून लिवत असतील ना?”



काकींना कोणी सांगितलंच नव्हतं. मुलगा घरी येऊन सांगणार होता. आणि मी आख्ख्या नवी मुंबईला आधी सांगून बसले होते.

“बोल ना गो. बरे हायत ना ते?”

खोटं बोलायचं मनात आलं होतं. तेवढ्यात तिकडे नोटिफिकेशनचा टुंग आवाज आला, अजून एक उत्तर गेलं होतं. काकी ते वाचायला लागल्या. मोठ्याने. खुशीत.

“काकी, ती उत्तरं सरांची नाहीत हो. मी लावून ठेवलीयेत. मशीन देतंय.”

त्यांचं वाचणं थांबलं.

“मग हे कुठं हायत?”

मी सांगितलं.

मग मी ते बटण दाबलं.

सर, तुमच्या घरात ती बातमी माझ्या तोंडून गेली, आणि तीही अशी. वर्षभर काकींसमोर जायची हिंमत झाली नाही. आज संध्याकाळी जाणार आहे.

मला माफ करा. तुम्हाला मनापासून नमस्कार.