ऑपरेटरकाकांचे शेवट

आमच्या खामगावच्या टॉकीजमध्ये कधीच कुणी मेलं नाही. ऑपरेटरकाका मरूच द्यायचे नाहीत. आजारी नायिकेनं शेवटी डोळे उघडले रे उघडले, की ते मशीन बंद करून दिवे लावत. ‘वाचली बाई एकदाची’ म्हणत आम्ही बायका-पोरी घरी जायचो. मालकांना काय, पुढचा खेळ वेळेवर सुरू झाल्याशी मतलब.

अकोल्याला कॉलेजात गेले, तेव्हा त्यातलाच एक सिनेमा मैत्रिणींबरोबर पुन्हा पाहिला. नायिका चक्क मेली! मी भर थिएटरात किंचाळले. सुट्टीत येऊन थेट मशीनची खोली गाठली नि काकांना फैलावर घेतलं. रीळ गुंडाळत ते शांतपणे म्हणाले, “लोकं घरी जाऊन जेवले पाह्यजेत ना वं!”

पुढे टॉकीज बंद पडली. कित्येक वर्षं तिथं कबुतरांचं राज्य होतं. अलीकडे गावानं मनावर घेऊन ती दुरुस्त केली आणि फिरत्या नाटक मंडळ्यांना खुली केली. कमिटीत मी होते. थकलेल्या काकांना पडदा ओढायचं काम दिलं. त्यांच्याइतका टॉकीजवर जीव दुसऱ्या कुणाचा होता?

पहिलंच नाटक. शेवटच्या प्रवेशात बापाच्या मांडीवर तापानं फणफणलेली मुलगी. तिनं डोळे उघडले आणि धाडकन पडदा पडला. मी विंगेत धावले. ‘मुलगी मेल्यावर पडदा पाडायचा सांगितलं होतं!’ असं मंडळीचा मॅनेजर ओरडत होता, आणि काका दोन्ही हातांनी दोर धरून उभे होते.

“काऊन मारता तिले? जगू द्या ना!”

काकांची एकुलती एक मुलगी लहानपणीच तापानं गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण त्या अर्धवट सिनेमांशी त्याचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

“काका, नाटक आहे हो हे.”

“समजते वं मले,” ते म्हणाले. पण दोर सोडवेना. शेवटी मीच त्यांची बोटं हलकेच सोडवली, त्यांना स्टुलावर बसवलं. पडदा उघडला. मुलगी गेली. काकांनी तोंड ओंजळीत लपवलं.

टाळ्या सुरू झाल्या. सगळे नट हात जोडून पुढे आले, आणि त्यांच्यात ती मुलगीही! फ्रॉक झटकत उठली आणि वाकून नमस्कार करू लागली. नाटकात असं असतं, हे काकांना माहीतच नव्हतं. त्यांनी माझा हात गच्च आवळला.

“उठली वं पोट्टी! पाह्य, उठली!”

ते खदखदून हसत होते. मला हसावं की रडावं कळेना.

मग हसता हसताच थांबले.

“माही नाही उठली वं,” म्हणाले.