पानाचे दात

जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. आमचा कधी उभाच राहिला नाही, कारण भांडायची वेळ आली की माझ्या थोरल्या जाऊबाई पेन्सिलीला टोक काढत बसतात. सव्वीस वर्षं त्या एका प्रकाशनात झाडापानांची चित्रं काढताहेत. पुस्तकांची मांडणी करायला मला तिथे त्यांनीच लावलं आणि ते कधी बोलूनही दाखवलं नाही. मी मात्र त्यांच्यावर बारीक नजर ठेवून असते. स्वभावाला औषध नाही.

म्हणूनच त्या चहाचा कप अर्धाच भरून घेऊ लागल्या, हे घरात सगळ्यांच्या आधी मला दिसलं. उजवा हात थरथरत होता. "झोप नीट होत नाही गं," त्या म्हणाल्या. मी पुढे काही न विचारता त्या दिवसापासून त्यांचे कप मोजू लागले.

त्यात संपादकसाहेबांनी फर्मान काढलं. चित्रांचं विकतचं सॉफ्टवेअर बंद, यापुढे मुक्त आणि फुकट मिळणारं वापरायचं. "तुम्ही दोघी चार दिवसांत तुलना करून तक्ता द्या. आणि शुक्रवारी नवं पुस्तक छापायला जातंय, विसरू नका." ते पुस्तक रानात भाजी खुडणाऱ्यांसाठी होतं. कुठलं पान खायचं आणि कुठल्याला हातही लावायचा नाही, हे चित्रावरून कळायला हवं.

मी तक्त्यात रंग, थर, छपाई, वेग असे ऐटीत रकाने आखले. जाऊबाई मात्र प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट करून बघत होत्या. एक लांब रेघ ओढायची आणि तिच्याकडे बघत बसायचं.

इंकस्केप नावाच्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपके ठेवायचे, ते जोडायचे, मग हवे तसे वाकवायचे. तिथे हाताचं कौशल्य फारसं लागत नव्हतं, पण एका पानाला अर्धा दिवस गेला. दुसरं होतं प्रोसेसिंग, त्यात तर हातच नको. मी आठ-दहा ओळींचा कोड लिहिला आणि पडद्यावर दोनशे पानं उगवली, एकासारखं दुसरं नाही. मला आभाळ ठेंगणं झालं. जाऊबाईंनी चष्मा वर केला.

"छान आहेत. पण ही कुठल्या झाडाची गं?"

कुठल्याच नव्हती. नक्षीला झाड लागत नाही, आमच्या पुस्तकाला लागतं.

तिसरं, क्रिटा, उघडल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. तिथे स्टॅबिलायझर होता. फ्रिजला लावतात तो नव्हे, रेघेला लावायचा. तो पुरता वाढवला की हात कितीही हलला तरी रेघ सरळ येत होती. क्रिटाला त्यांनी पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. त्यांची नोकरी आता त्या एका सोयीवर टांगलेली आहे, हे मला कळलं. मला हायसं वाटलं, आणि आपण त्यांना काही विचारत नाही याची लाजही वाटली.

गुरुवारी साहेब म्हणाले, "पुस्तकात ती जुळी झुडपं आहेत ना, त्यांचीच पानं काढून दाखवा." ही दोन झुडपं दिसायला सारखीच. एकाच्या पानाला कडेनं बारीक दात, ते शिजवून खातात. दुसऱ्याची कड गुळगुळीत, ते खाल्लं तर थेट दवाखाना. जाऊबाईंनी क्रिटात स्टॅबिलायझर पुरता वाढवून दोन्ही पानं झरझर काढली.

"वा! काय रेघ आहे! ठरलं, क्रिटाच घेऊ."

माझा जीव भांड्यात पडला. जाऊबाई पडद्याकडे बघतच होत्या.

"नाही साहेब. पहिल्या पानाला मी दात काढले होते. या स्टॅबिलायझरने ते थरथर समजून पुसून टाकले."

"मग तो बंद करून काढा."

मी टेबलाखालून जाऊबाईंचा पाय दाबला. पुन्हा दाबला. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. स्टॅबिलायझर बंद करून त्यांनी विषारी पान काढायला घेतलं, आणि त्याच्या गुळगुळीत कडेला बारीक बारीक दात येत गेले. आता कुणीही ते खुडून शिजवलं असतं.

साहेबांनी पडद्यावरून नजर त्यांच्या हाताकडे वळवली. "कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

उद्या छापायला जाणारं पुस्तक त्याच दीड वर्षातलं, आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅबिलायझर नव्हता, रेघ त्यांनी हातानंच ओढली होती. जाऊबाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. ज्या चित्रांत कड चुकल्याची शंका होती, त्यांचे क्रमांक त्यांनी एकाखाली एक लिहून ठेवले होते.

"ही यादी रोज तुम्हाला द्यायचं ठरवत होते," त्या म्हणाल्या. "रोज घाबरत होते."

साहेब छापखान्याला फोन लावायला बाहेर गेले. मला भयंकर राग आला. एका घरात राहून या बाईनं एवढं एकटीनं सोसलं, आणि मी शहाणी कप मोजत बसले! डोळे पुसून मी यादी घेतली. वरचे आकडे स्वच्छ होते. खाली येता येता ते वेडेवाकडे होत गेले होते, आणि शेवटच्या सहा-सात ओळी मला लागेचनात.

"जाऊबाई, हा कितवा? आणि हा खालचा?"

त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. तो त्यांच्या हातात सारखा हलत होता.

"मलाही वाचता येत नाही गं," त्या म्हणाल्या.

मग आम्ही पुस्तक पहिल्या चित्रापासून तपासायला घेतलं.